नोटेवर सही करणारा मराठी माणूस : चिंतामणराव देशमुख

मंडळाच्या या पानावर आपण संतांची, समाजसुधारकांची, क्रांतिकारकांची चरित्रे वाचत असतो. आम्ही आयुष्यभर बँकेत नोकरी केली, शिक्षणही बी.कॉम., त्यामुळे या वेळी पैशाच्या जगातला एक मराठी माणूस निवडला आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या नात्याने रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर सही करणारे पहिले भारतीय.

गोडादऱ्यात राहणाऱ्या आपल्या लोकांचा हात रोज नोटांना लागतो. लूमचा पगार असो, साडी मार्केटातली मजुरी असो, भाजीच्या गाडीवरचा गल्ला असो. पण ही नोट कशाची बनते, ती काढतो कोण, आणि सरकारला हव्या तेवढ्या नोटा छापून सगळ्यांना वाटता का येत नाहीत, हे प्रश्न ग्राहकांनी आम्हाला काउंटरवर पुष्कळदा विचारले. गर्दीच्या वेळी याचे नीट उत्तर देता येत नसे. चिंतामणरावांच्या चरित्रात ते उत्तर सापडते, कारण या प्रश्नाचा भार त्यांनी स्वतः वाहिला.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्याला वकिली करीत. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले हे घर. बुद्धी इतकी तल्लख की १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. तिथे अर्थशास्त्र नव्हे, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही ते पहिले आले.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. महसूल, जमीन बंदोबस्त, मग अर्थ खाते. वीस वर्षे त्यांनी जिल्ह्यांतले शेतकरी आणि सरकारी वह्या दोन्ही जवळून पाहिले. १९३१ च्या लंडनमधल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेतही त्यांनी सचिवाचे काम केले. १९३९ साली सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला दुवा म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते दोनच वर्षांत डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच वारले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या खुर्चीवर चिंतामणराव बसले. वय सत्तेचाळीस.

आता ही खुर्ची म्हणजे काय, ते समजून घेऊ.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. ती तेव्हा सरकारी नव्हती, खासगी भागधारकांची होती. तिच्यात एक वेगळे खाते असते, त्याला निर्गम विभाग म्हणतात. नोटा काढणे एवढेच त्याचे काम. जितक्या रुपयांच्या नोटा लोकांच्या हातात आहेत, तितके देणे या खात्याच्या एका बाजूला लिहिलेले असते. दुसऱ्या बाजूला तितक्याच किमतीची मालमत्ता असावी लागते : सोने, परदेशी रोखे, भारत सरकारचे रोखे. आपल्या पासबुकात जशी जमा आणि नावे अशी दोन अंगे असतात, तसेच. म्हणून नोट ही मुळात मालमत्ता नसून रिझर्व्ह बँकेने धारकाला दिलेले देणे आहे. नोटेवर गव्हर्नरचे जे वचन छापलेले असते, त्याचा अर्थ हाच. एक रुपयाची नोट मात्र याला अपवाद आहे. ती भारत सरकार काढते आणि तिच्यावर अर्थ सचिवाची सही असते.

चिंतामणरावांच्या काळी नियम असा होता की एकूण मालमत्तेपैकी निदान ४० टक्के भाग सोन्यात आणि स्टर्लिंग, म्हणजे इंग्रजी पौंडांच्या, रोख्यांत असावा. शिवाय सोने ४० कोटी रुपयांच्या खाली जाऊ नये. कागदावर हा नियम भक्कम दिसतो. पण युद्धाने त्याची परीक्षा घेतली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लोकांचा पहिला विश्वास चांदीवर होता. १९४० साली फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची गर्दी झाली. रुपये बाहेर पडले की घराघरांत दडत होते. सरकारने एक रुपयाची कागदी नोट पुन्हा काढली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पूर्वी त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे.

याहून मोठी गोष्ट लोकांना दिसत नव्हती. इंग्रज सरकार युद्धासाठी भारतातून कापड, धान्य, ताग, चामडे, लष्करी सामान प्रचंड प्रमाणात उचलत होते. त्याची किंमत शेतकऱ्याला आणि कारखानदाराला रुपयांत द्यायची होती. इंग्लंडकडे रुपये नव्हते. मग व्यवस्था अशी झाली : लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंड जमा व्हायचे आणि त्या जमेच्या आधारावर इकडे रिझर्व्ह बँकेने नोटा काढायच्या. माल बोटीत चढून जायचा, उधारी लंडनच्या वहीत लिहिली जायची आणि नोटा भारताच्या बाजारात यायच्या. ज्या नोटा युद्धाच्या सुरुवातीला सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या, त्या युद्ध संपेपर्यंत १,२०० कोटींच्या घरात गेल्या. म्हणजे सातपटीच्या आसपास. माल मात्र सातपट झाला नव्हता, उलट बाजारातला कमीच झाला होता.

यात नियम कुठे मोडला? कुठेच नाही. पौंडाचे रोखे नियमाने मान्य मालमत्ता होते, त्यामुळे ४० टक्क्यांची अट आरामात पाळली जात होती. ऑडिटरने ताळेबंद तपासला असता तर त्याला एकही चूक सापडली नसती. तरीही रुपयाची किंमत घसरली आणि भाव दुपटीच्या वर गेले. बंगालात १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे भुकेने मेली. तिथे तांदूळ कमी होता, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता, सरकारची धोरणे चुकीची होती. आणि ज्यांच्या हातात युद्धाचा पैसा होता, ते महाग तांदूळ विकत घेऊ शकत होते. ज्याची मजुरी जुनीच राहिली, त्याच्या ताटातला भात गेला. चिंतामणराव गव्हर्नर झाले तेव्हा हा दुष्काळ चालू होता.

चरित्र लिहिताना माणसाचे फक्त कौतुक करण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. त्या नोटांवर चिंतामणरावांची सही होती, हे खरे आहे. पण युद्धाचा खर्च किती करायचा, हे लंडन आणि दिल्ली ठरवत होती. गव्हर्नरला ते थांबवण्याचा अधिकार नव्हता. त्याच्या हातात होते ते बाजारातला जादा पैसा परत ओढून घेणे. त्यासाठी सरकारी कर्जरोखे विकले गेले, बचत पत्रे काढली गेली, १९४३ पासून सोनेही विकले गेले. त्याने पूर आटला नाही, थोडा उतरला. आमच्या मते या काळातून एक धडा मिळतो : नोटेच्या मागचे तारण नियमात बसणे वेगळे आणि नोटेच्या मोबदल्यात बाजारात माल मिळणे वेगळे. पहिले बँक सांभाळू शकते, दुसऱ्यासाठी सगळा देश लागतो. हव्या तेवढ्या नोटा छापून वाटता का येत नाहीत, याचे उत्तर १९४३ साली आपल्याच देशाने फार महागात शिकले.

लंडनच्या वहीतली ती उधारी वाढत वाढत सतराशे कोटी रुपयांच्या आसपास गेली. युद्ध चालू असतानाच इंग्लंडात काही लोक म्हणू लागले की भारताचे रक्षण आम्ही केले, तेव्हा हे कर्ज कमी करावे. इथे चिंतामणरावांचे खरे काम सुरू झाले. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. त्यातूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्मली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते, पण चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी तिथे भारताची बाजू लावून धरली. पौंडांच्या उधारीचा प्रश्न त्या परिषदेत सुटला नाही, पण ते देणे खरे आहे, हे केन्ससारख्या इंग्रज अर्थतज्ज्ञाला जगासमोर मान्य करावे लागले. पुढे स्वतंत्र भारताने करार करून तो पैसा टप्प्याटप्प्याने वापरला. नाणेनिधीतही भारताला मोठा हिस्सा मिळाला. रशिया बाहेर राहिल्यामुळे आपला देश पहिल्या पाचांत गेला. पारतंत्र्यातल्या देशाला हे स्थान मिळणे लहान गोष्ट नव्हती.

१९४६ च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. काळा बाजारवाले पकडण्याचा हेतू होता. चिंतामणरावांना यातून फारसे हाती लागेल असे वाटत नव्हते. हुकूम आल्यावर बँकेने मात्र तो पाळला. अशा नोटा सुमारे १४४ कोटी रुपयांच्या होत्या. १९४७ अखेरपर्यंत त्यांतल्या जवळजवळ १३५ कोटींच्या नोटा बदलून नेल्या गेल्या आणि परत आल्या नाहीत त्या नऊ कोटींच्या. हिशेब केला तर रुपयामागे एक आणा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बँकेत बसून आम्ही ज्या रांगा पाहिल्या, त्यांत लूमवर रात्रपाळी करून थेट रांगेत उभे राहिलेले आपले खानदेशी बांधवही होते. तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीचा हा हिशेब आम्हाला आठवत असे. या विषयावर मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपले मत बनवावे. आकडे तेवढे माहीत असावेत.

स्वातंत्र्य आले, देश फुटला, पण रिझर्व्ह बँक लगेच फुटली नाही. ३० जून १९४८ पर्यंत ती पाकिस्तानचीही नोटा काढणारी बँक होती. आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव जादा छापून त्या तिकडे चालत, आणि हे काम आपल्या नाशिकच्या छापखान्यात होत असे. दोन्ही देशांत रक्त सांडत असताना हिशेबाची वही मात्र एकच होती, आणि ती बिघडू दिली गेली नाही. इकडे भारतात नव्या अशोकस्तंभाच्या नोटा येईपर्यंत जुन्याच नोटा चालू राहिल्या. चित्र इंग्रज राजाचे आणि सही रोह्याच्या माणसाची.

नाशिकचे नाव आले म्हणून नोट कशाची असते ते सांगून टाकतो. नाशिक रोडचा छापखाना १९२८ साली सुरू झाला. त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. छपाई इथे होऊ लागली तरी कागद पुढे चाळीस वर्षे परदेशातूनच येत होता. १९६८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, कागदाची गिरणी निघाली. आज नाशिक, देवास, म्हैसूर आणि बंगालातील सालबोनी इथे नोटा छापल्या जातात. म्हैसूरलाही आता कागद बनतो.

आपण कागद म्हणतो खरे, पण वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि नोटेचा कापसाचा. सूतगिरणीत कापूस विंचरताना जे आखूड तंतू गळतात, त्यांचा लगदा करून हा कागद बनवतात. म्हणून खिशात राहिलेली नोट कपड्यांबरोबर धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही, ती वाळते आणि चालते. सुरत झाली पॉलिस्टरची, पण सुरतेच्या प्रत्येक गल्ल्यात जो माल सगळ्यात जास्त फिरतो तो सुतीच आहे, हे आपल्या कापड बाजारातल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. जलचिन्ह छापलेले नसते. कागद ओला असतानाच त्याची जाडी कमीजास्त करून ते उमटवतात, म्हणून ते उजेडात धरल्यावर दिसते. सुरक्षा धागाही कागद बनतानाच आत घातला जातो. मोठ्या नोटांवरची काही छपाई बोटाला खरखरीत लागते, कारण कोरलेल्या पत्र्यावरची शाई मोठ्या दाबाने कागदावर उभारलेली असते. बँकेचा कॅशियर नोटा मोजताना बोटांनीच खोटी नोट ओळखतो, त्याचे कारण हे.

पण नोटा म्हणजे सगळा पैसा नव्हे. समजा उधन्याच्या एका कारखानदाराला बँकेने दहा लाखांचे कर्ज मंजूर केले. आम्ही असे अर्ज नोकरीत शेकड्यांनी पाहिले. त्या दिवशी तिजोरीतून दहा लाखांच्या नोटा निघत नाहीत. कर्ज खात्याला दहा लाख नावे पडतात आणि त्याच्या चालू खात्याला दहा लाख जमा होतात. कालपर्यंत नसलेली ठेव आज तयार झाली. तो सूत व्यापाऱ्याला चेक देतो, ती ठेव दुसऱ्याच्या खात्यात जाते आणि फिरत राहते. कर्ज फिटले की तितका पैसा पुन्हा नाहीसा होतो. देशातला बराचसा पैसा असा वहीतच जन्मतो. म्हणजे लंडनच्या जमेवर मुंबईत नोटा निघाल्या, तशीच नोंद रोज प्रत्येक शाखेत होत असते, फक्त आकडा लहान. बँकेने हे बेताल करू नये म्हणून रिझर्व्ह बँक ठेवींचा काही भाग स्वतःकडे ठेवायला लावते, व्याजाचा दर ठरवते, तपासणी करते. कर्ज बुडाले तर वहीतली ठेव तशीच राहते, पण तिच्यामागची वसुली जाते. बँका बुडतात त्या इथे.

म्हणून बँकांवर लगाम हवा होता. बँकिंग कंपनी कायदा १९४९ च्या मार्चमध्ये लागू झाला, तेव्हा चिंतामणराव गव्हर्नर होते. त्याच वर्षी १ जानेवारीला रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले होते. जूनअखेर ते पदावरून उतरले.

१९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळातली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती खेड्यापर्यंत बँक पोचावी म्हणून. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा करण्याचा कायदाही १९५५ चा. नवे पैसे १९५७ मध्ये चलनात आले.

आणि मग त्यांनी खुर्ची सोडली. राज्य पुनर्रचनेत मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबईत गोळीबारात माणसे मेली, त्याची चौकशी नाही, हे त्यांना सहन झाले नाही. १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि संसदेत कारणे स्पष्ट मांडली. आपण सुरतेत गुजराती शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान् पिढ्या सुखाने राहतो. १ मे हा दिवस दोन्ही राज्यांचा आहे. हा राजीनामा गुजरातविरुद्ध नव्हता, आपल्याच सरकारच्या वागण्याविरुद्ध होता, एवढे आपल्या मुलांना कळले पाहिजे.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक अध्यक्ष झाले. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि हरले. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या, त्या १९४९ मध्ये वारल्या. १९५३ साली त्यांनी आंध्रच्या समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद केला, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

नोटेच्या मागे पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यात गुजराती तिसरी, मराठी आठवी आणि चिंतामणरावांची आवडती संस्कृत बारावी. त्यांचा जन्मदिवस १४ जानेवारी, म्हणजे आपली संक्रांत आणि सुरतेची उत्तरायण. त्या दिवशी पतंगाला पैसे देताना ती नोट मुलांच्या हातात जरा वेळ द्यावी, उजेडात धरायला सांगावी, भाषा मोजायला लावाव्यात आणि रोह्याच्या या माणसाचे नाव त्यांना सांगावे.